ब्रुसेल्समध्ये इंग्रजी नाटक करायचंय? आधी विंगेत या

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपूरच्या आहेत. महाविद्यालयात एकांकिका आणि पुढे राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे ब्रुसेल्सला आल्या आहेत. फ्रेंच जेमतेम, डच नाहीच. इथे इंग्रजीतून नाटकं करणारी हौशी मंडळं आहेत असं त्यांना कळलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मराठी वळणाच्या इंग्रजीला तिथे काम मिळेल का? ही मंडळं नाटकं कशी उभी करतात आणि नाटकांखेरीज काय करतात? आणि एखादं मराठी नाटक तिथे इंग्रजीतून करता येईल का?

मी या शहरात बरीच वर्षं अशा मंडळांत काम करते आहे. आधी विंगेत, मग दिग्दर्शनात, मध्ये काही काळ कार्यकारिणीत. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

काम मिळेल, जरूर जा. फक्त पहिलं काम रंगमंचावरचंच मिळावं असा हट्ट धरू नका. असं का म्हणते, ते या मंडळांची घडण कळली की लक्षात येईल.

ब्रुसेल्समधलं इंग्रजी हौशी नाटक जुनं आहे. इंग्लिश कॉमेडी क्लब १९०९ पासून आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून. नाटोचं मुख्यालय इथे १९६७ साली आलं आणि युरोपीय समुदायाचा, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाचा, कारभार १९५८ नंतर. क्लब त्या दोन्हींपेक्षा जुना. पुढे अमेरिकन थिएटर कंपनी, आयरिश थिएटर ग्रुप, ब्रुसेल्स शेक्सपिअर सोसायटी आणि संगीत नाटकांसाठी ब्रुसेल्स लाइट ऑपेरा कंपनी अशी मंडळं उभी राहिली. स्कारबेक भागात वालेम रस्त्यावर 'वेअरहाऊस' नावाची एक लहानशी नाट्यगृहवजा जागा आहे. ती इथल्या इंग्रजी मंडळांनी मिळून घेतलेली आणि राखलेली आहे. तालमी तिथे, कपडेपट आणि सामानसुमान तिथे, छोटे प्रयोगही तिथेच. परक्या शहरात हौशी मंडळांच्या हातात स्वतःची जागा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत तालमीच्या हॉलसाठी वणवण केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अशी मंडळं जगभर आहेत. जिनिव्हाची इंग्लिश ड्रामा सोसायटी १९३३ची, हॅम्बुर्ग प्लेअर्स १९६५चे, सिंगापूरचा स्टेज क्लब १९४५चा, आणि टोकियो इंटरनॅशनल प्लेअर्स तर आपली सुरुवात १८९६ पासून मोजतात. आपल्याकडे हौशी इंग्रजी नाटक म्हटलं की शिमल्याचं १८८७ साली उघडलेलं गेइटी थिएटर आठवतं, आणि त्यासोबत साहेबलोकांची करमणूक हेही आठवतं. ब्रुसेल्सचं तसं नाही. इथे इंग्रजी बोलणारा कधी राज्यकर्ता नव्हता. तो पाहुणा होता, आजही आहे. मंडळाचा सारा स्वभाव या पाहुणेपणातून आला आहे.

इथली माणसं टिकत नाहीत. कुणाची बदली तीन वर्षांची, कुणाचा करार दोन वर्षांचा, कुणाची पीएच.डी. संपते, कुणाच्या मुलांची शाळा संपते. ज्या नायकावर सगळ्यांची भिस्त, तो फेब्रुवारीत सांगतो की जूनमध्ये आम्ही नैरोबीला चाललो. प्रकाशयोजनेत तयार झालेली मुलगी वर्षभरात लिस्बनला जाते. आपल्या गावातल्या नाट्यसंस्थेत तीच चारपाच माणसं तीस-तीस वर्षं असतात, त्यांच्यात घरोबा होतो, भांडणंही मुरतात. इथे तसं घडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे मंडळाला दर हंगामात नवी माणसं शोधावी लागतात, आलेल्यांना पटकन शिकवावं लागतं, आणि कुठलीही माहिती एकाच माणसाच्या डोक्यात राहू न देता लिहून ठेवावी लागते. अशा मंडळाची खरी ताकद मला यातच दिसते. चांगले नट येतात आणि जातात, पण कपडेपटाची यादी, दिव्यांचा आराखडा, मागच्या नाटकाचा जमाखर्च आणि परवान्याचा पत्रव्यवहार ज्यांनी नीट जपला, ती मंडळं शंभरी गाठतात.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमची गरज आहे. नव्या माणसाला इथे कुणी उपरं समजत नाही, कारण बाकीचेही आत्ता-आत्ताच आलेले असतात.

आता उच्चारांचं. ऑडिशन खुली असते. सभासद असा वा नसा, कुणीही यावं. साधारण दोन संध्याकाळी होते, दिग्दर्शक आधी प्रवेश कळवतो, आणि तिथे जोड्या बदलून बदलून वाचायला लावतो. भूमिका पाठ करून जायची गरज नसते, पण नाटक आख्खं वाचून जा. अर्ध्याहून अधिक लोक फक्त दिलेली पानं वाचून येतात आणि ते लगेच कळतं. ज्याने नाटक वाचलंय, त्याला ते पात्र त्या क्षणी काय लपवतंय हे ठाऊक असतं, आणि आवाजात ते उतरतं.

ब्रिटिश उच्चार आणायचा प्रयत्न करू नका. मी दिग्दर्शक म्हणून ऑडिशन घेते तेव्हा उसना उच्चार ऐकला की मला पुढचं काही ऐकूच येत नाही. सगळं लक्ष तो उच्चार कुठे घसरतो तिकडे जातं. तुमची मराठी वळणाची इंग्रजी चालेल, मात्र तीन गोष्टींवर मेहनत घ्या. एक, आघात. मराठीत आपण अक्षरांना बरंचसं सारखं वजन देतो. इंग्रजीत बिनआघाताची अक्षरं गिळली जातात आणि आघाताचं अक्षर लांबतं. प्रेक्षक वाक्य पकडतो ते या आघातांवर. म्हणून प्रत्येक वाक्यातला कळीचा एक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि बाकीचं त्याच्याकडे धावू द्या. दोन, शब्दाच्या शेवटचं व्यंजन. भूतकाळाचा शेवटचा 'ड' किंवा 'ट' ऐकू आला नाही तर काळच बदलतो. तीन, 'व'. आपल्या एका 'व'मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी सामावलेले आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा नुसता चंबू होतो. आरशासमोर रोज थोडा वेळ दिलात तर महिन्याभरात सुटे होतात.

बाकी, प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मातृभाषा इंग्रजी नसते. फ्लेमिश शिक्षिका, पोलिश अनुवादक, ग्रीक वकील अशी माणसं असतात. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी आयर्लंड आणि माल्टामुळे इंग्रजी संघाची अधिकृत भाषा राहिली, आणि कचेऱ्यांमधली बोलीही राहिली. या प्रेक्षकाला स्वच्छ, न घाईने बोललेलं इंग्रजी हवं असतं. राज्य नाट्य स्पर्धेत मागच्या रांगेपर्यंत विनामाईक आवाज पोचवलेल्या नटाकडे ते असतं.

एक मर्यादा मात्र सांगते. डब्लिनच्या गल्लीत घडणारं आयरिश नाटक आयरिश मंडळ करत असेल तर तिथे त्या बोलीचा नट लागतो, आणि ते रास्त आहे. वऱ्हाडीतलं नाटक आपणही कुणाकडूनही करून घेत नाही. अशा नाटकाला विंगेत काम मागा.

नाटक उभं राहायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. सगळे नोकरदार, त्यामुळे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची दुपार. पहिल्या बैठकीत पूर्ण वाचन, मग हालचाली बसवणं, मग ठरलेल्या तारखेपासून हातात पुस्तक नको. ही तारीख वेळापत्रकावर छापलेली असते आणि पाळली जाते. आपल्याकडे पाठांतर तालमीतच होतं, दिग्दर्शकही ते चालवून घेतो. इथे पाठांतर हा ज्याचा त्याचा घरचा अभ्यास. तालमीला सातची वेळ म्हणजे सातला उभं राहायचं, कारण हॉल दहाला बंद होतो आणि शेवटची ट्राम पकडायची असते.

तुम्हाला सगळ्यात नवी वाटेल ती स्टेज मॅनेजरची जागा. आपल्या हौशी रंगभूमीवर रंगमंच व्यवस्था पाहणारा असतो, पण प्रयोगाच्या वेळी दिग्दर्शक विंगेत उभा राहून सूत्रं हलवतोच. इथे पहिल्या प्रयोगापासून दिग्दर्शकाचा अधिकार संपतो. तो प्रेक्षकांत बसतो, विंगेत येत नाही. प्रयोग स्टेज मॅनेजरचा. त्याच्यासमोर एक जाड फाइल असते. एका पानावर संवाद, समोरच्या पानावर हालचाली, आणि समासात प्रत्येक दिव्याचा, आवाजाचा, पडद्याचा इशारा क्रमांकासह. तो हेडसेटवर आधी 'स्टँडबाय' म्हणतो, प्रकाशवाला उत्तर देतो, आणि नेमक्या क्षणी 'गो' म्हणतो. 'गो' हा शब्द हेडसेटवर दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, इतकी शिस्त. प्रयोगाआधीच्या तांत्रिक तालमीत नटांना उभं करून एका इशाऱ्यावरून थेट दुसऱ्या इशाऱ्यावर उड्या मारत पुढे जातात. मधले संवाद वगळतात. ही तालीम पाच-सहा तास चालते आणि नटांना कंटाळवाणी वाटते. मला तर तीच सगळ्यात आवडते, कारण नाटक त्या रात्री पहिल्यांदा एकसंध दिसतं.

ती फाइल चांगली असली की स्टेज मॅनेजर आजारी पडला तरी दुसरा कुणी येऊन प्रयोग पार पाडू शकतो. माणसं जात राहणाऱ्या मंडळाने शोधलेला हा उपाय आहे. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या नाटकात सहायक स्टेज मॅनेजर व्हा. दहा आठवडे प्रत्येक तालमीला बसाल, नाटक पाठ होईल, इथल्या नाट्यव्यवहाराची भाषा कानावरून जाईल आणि मंडळातला प्रत्येक माणूस तुम्हाला नावाने ओळखेल. पुढच्या ऑडिशनला तुम्ही अनोळखी नसाल.

आगीच्या नियमांबद्दल एक सूचना. रंगमंचावर निरांजन, उदबत्ती, धूप काहीही परस्पर पेटवायचं नाही. प्रयोगाआधी रंगभूमीची पूजा करायची आपली सवय आहे, ती हात जोडून करा. धूर ओळखणारी यंत्रणा वाजली तर नाट्यगृह रिकामं करावं लागतं. नेपथ्याचं कापड आणि लाकूडही लवकर पेट न घेणारं असावं लागतं. जर्मनीत तर त्याचे दर्जे ठरलेले आहेत.

आता परवान्याचा विषय. मराठी हौशी मंडळं इथेच सर्वांत बेफिकीर असतात, म्हणून थोडी रेंगाळते. महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि प्रमाणपत्र येतं. इथे तुमची संहिता कुठलंही सरकारी मंडळ वाचत नाही. पण लेखकाचा हक्क कडक. बहुतेक इंग्रजी नाटकांचे प्रयोगहक्क काही मोजक्या संस्था सांभाळतात. सॅम्युएल फ्रेंच ही त्यांतली जुनी, १८३० साली सुरू झालेली. आता ती कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्सचा भाग आहे. निक हर्न बुक्सही हौशी मंडळांना परवाने देते. हौशी प्रयोगांचा परवाना व्यावसायिकांपेक्षा वेगळा. शुल्क दर प्रयोगामागे. तिकीट विकण्याआधी, खरं तर नाव जाहीर करण्याआधी, परवाना हातात हवा. एखाद्या नाटकाचा व्यावसायिक दौरा ठरला की हौशी हक्क तात्पुरते थांबवले जातात, म्हणून प्रत्येक शहाणं मंडळ दुसरं नाटक हाताशी ठेवतं.

परवान्यात सहसा लिहिलेलं असतं की संवाद बदलायचे नाहीत, गाळायचे नाहीत, पात्राचं लिंग बदलायचं नाही. नाटककार सॅम्युएल बेकेट यांनी १९८८ साली नेदरलँड्समधल्या एका मंडळाला कोर्टात खेचलं होतं, कारण त्यांनी 'वेटिंग फॉर गोदो' स्त्री नटांना घेऊन केलं. निकाल मंडळाच्या बाजूने लागला, तेव्हा बेकेट यांनी त्या देशात आपल्या नाटकांवरच बंदी घातली. मला वैयक्तिक विचाराल तर बायकांनी केलेलं ते नाटक बघायला आवडलं असतं. पण लेखकाच्या शब्दाला इतकं वजन असणं हे नाटकवाल्यांच्याच भल्याचं आहे, असंही मला वाटतं.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो, भारतात साठ. जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० साली वारले, म्हणून २०२१ पासून त्यांची नाटकं इथे मोकळी झाली. ऑस्कर वाइल्ड तर कधीच मोकळा आहे. चेखव १९०४ साली गेला, पण तुम्ही ज्या इंग्रजी अनुवादातून नाटक करता, त्या अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. यावर नवी मंडळं हमखास अडखळतात.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मराठी नाटक इंग्रजीतून करायचं तर दोन परवानग्या लागतात, लेखकाची किंवा वारसांची आणि अनुवादकाची. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' प्रिया आडारकरांच्या अनुवादात इंग्रजीत उपलब्ध आहे, आणि ते नाटक हौशी नाटकमंडळींबद्दलच असल्याने इथल्या प्रेक्षकाला परकं वाटायचं कारण नाही. बाहेरगावी प्रयोगाला आलेली, एकमेकांची गुपितं जाणणारी माणसं इथल्या प्रत्येक मंडळाने पाहिलेली आहेत. तेंडुलकर २००८ साली गेले, तेव्हा रीतसर परवानगी हवीच. दुसरा रस्ता जुन्यांचा. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, राम गणेश गडकरी १९१९ साली. त्यांच्या संहिता मोकळ्या आहेत. अनुवाद तुम्ही केलात तर हक्क तुमचा. 'संगीत शारदा'मधला जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न, त्यातला दलाल आणि पैशाला भुलणारा बाप, हे सगळं इब्सेन आणि शॉ पाहिलेल्या प्रेक्षकाला लगेच कळेल. पदांचं काय करायचं हे मात्र ठरवावं लागेल. माझं मत, दोन-तीन पदं मराठीतच गावीत.

पण हे पहिल्याच वर्षी मागू नका. मंडळात नाटक कसं ठरतं ते आधी पाहा. कुणीही दिग्दर्शक आपला प्रस्ताव कार्यकारिणीपुढे किंवा वाचन समितीपुढे मांडतो: नाटक, पात्रसंख्या, अंदाजे खर्च, आणि इथे ते का करावं. प्रस्तावासोबत बहुधा एक जाहीर वाचन ठेवलं जातं. लोक येतात, वाइन घेऊन बसतात, भूमिका वाटून नाटक मोठ्याने वाचतात. तालीम नाही, नेपथ्य नाही. मराठी नाटकासाठी ही वाचनाची संध्याकाळ हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे. वाचन रंगलं, चार माणसांनी नंतर थांबून विचारलं, की प्रस्तावात जीव येतो.

पैशाचा विषय थोडक्यात. ही मंडळं बिननफ्याच्या नोंदणीकृत संस्था असतात. बेल्जियममध्ये अशी संस्था काढायला २०१९च्या कायद्याप्रमाणे दोन माणसं पुरतात, जर्मनीत नोंदणीला सात लागतात. नट, दिग्दर्शक, स्टेज मॅनेजर कुणालाही मानधन नसतं. बेल्जियमच्या २००५च्या स्वयंसेवक कायद्याने अशा संस्थेवर स्वयंसेवकांच्या जबाबदारीचा विमा उतरवण्याचं बंधन आहे. खर्च होतो तो जागा, परवाना, नेपथ्य आणि विमा यांवर. पैसा येतो तो तिकिटं, सभासद वर्गणी आणि मध्यंतरातला बार यांतून. बारला कमी लेखू नका. कधीकधी परवान्याचे पैसे तिथेच निघतात.

आणि मग पँटोमाइम. नाव मूकनाट्याचं वाटलं तरी हा ब्रिटिश नाताळचा बोलका, गाता, धिंगाण्याचा प्रकार आहे. सिंड्रेला, अलादीन अशी परीकथा, म्हाताऱ्या बाईच्या भूमिकेत पुरुष, तरुण नायकाच्या भूमिकेत परंपरेने मुलगी, खलनायक प्रेक्षकांच्या उजव्या हाताकडून येणार आणि चांगली परी डाव्या हाताकडून. प्रेक्षकांतली पोरं खलनायकाला हुर्यो करतात, नायकाला मागे बघ म्हणून ओरडतात. आपल्या तमाशातली मावशी आणि गवळणीतली सलगी ज्याने पाहिली आहे त्याला हे आवडायला वेळ लागत नाही. मंडळाच्या हिशेबात पँटोमाइमची तिकिटं सगळ्यात आधी संपतात आणि त्यातून वर्षातलं एखादं अवघड, कमी गर्दीचं नाटक निघतं. शिवाय त्यात पंधरा-वीस माणसं लागतात, मुलं लागतात, शिवणारे हात लागतात. नव्या कुटुंबांसाठी आत शिरण्याची ही सगळ्यात मोकळी वाट. अभिरुचीच्या नावाखाली कुणी पँटोमाइमला नाक मुरडलं तर ऐकू नका.

तुम्ही एकांकिकांमधून आलात म्हणून एक खास गोष्ट. युरोपातल्या इंग्रजी हौशी मंडळांचा दरवर्षी एक एकांकिका महोत्सव होतो, नाव 'फीट्स'. १९७६ साली हेगमध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून शहरं बदलत फिरतो: ब्रुसेल्स, लक्झेंबर्ग, जिनिव्हा, हॅम्बुर्ग, म्युनिक. त्याचं रूढ स्वरूप असं की मे-जूनमधल्या पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीत चार संध्याकाळी बारा मंडळं, रोज तीन एकांकिका. एकांकिका वीस मिनिटांपेक्षा लहान नको, पन्नासपेक्षा मोठी नको. नेपथ्य उभारायला दहा मिनिटं. पुण्यात भरत नाट्य मंदिरात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक रंगतो आहे, तिथे तासाभराच्या मर्यादेत खेळलेल्या कुणालाही घड्याळाची ती धास्ती ओळखीची आहे. घोषणा आणि आरोळ्या मात्र इथे नाहीत.

मला या महोत्सवात सगळ्यात मोलाचं वाटतं ते परीक्षण. परीक्षक एकच, ब्रिटनमधल्या नाट्यपरीक्षकांच्या गिल्डचा. त्या गिल्डची गुणपद्धत अशी: अभिनयाला चाळीस, दिग्दर्शनाला पस्तीस, रंगमंचीय मांडणीला पंधरा, आणि धाडस, वेगळेपण व साध्य यांना मिळून दहा. रात्री तिन्ही एकांकिका झाल्या की परीक्षक त्याच रंगमंचावर येतो आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर प्रत्येक प्रयोगावर बोलतो. काय जमलं, काय फसलं, का फसलं. मंडळी समोर बसून ऐकतात. आपल्याकडे परीक्षक निकालाच्या दिवशी चार सर्वसाधारण वाक्यं बोलतात आणि रागरंग मग कट्ट्यावर निघतो. इथे टीका ताजी असताना, सगळ्यांदेखत आणि कारणांसह मिळते. नव्या संहितेसाठी वेगळं पारितोषिक आहे, त्यामुळे सभासद स्वतः लिहूही लागतात. दिवसा स्पर्धेबाहेरचे छोटे प्रयोग आणि कार्यशाळा होतात. हॅम्बुर्गचा प्रकाशयोजक जिनिव्हाच्या मंडळाला तिथेच एखादी युक्ती शिकवतो. बदलीने शहर सोडून गेलेली माणसंही याच चार दिवसांत पुन्हा भेटतात, आता दुसऱ्याच मंडळाचा बिल्ला लावलेली. तुम्हालाही उद्या लक्झेंबर्गला जावं लागलं तर तिथलं मंडळ तुम्हाला आधीपासून ओळखत असेल.

नाटकांखेरीज काय होतं, हेही तुम्ही विचारलंत. आवाजाची, तात्काळ अभिनयाची, मंचावरच्या तलवारबाजीची शिबिरं होतात. मुलांचे शनिवारचे वर्ग असतात, आणि इंग्रजी शिकणाऱ्या स्थानिक शाळांना प्रयोग दाखवले जातात. नाताळच्या आसपास रेडिओ नाटकासारखं, माईकसमोर वाचून केलेलं काही होतं. एखाद्या प्रयोगाची रक्कम निर्वासितांसाठी किंवा रुग्णालयासाठी दिली जाते. प्रश्नमंजूषेच्या रात्री असतात, आणि एक मोठी साफसफाई, ज्यात आख्खं मंडळ कपडेपट उपसून, मोजून, पुन्हा लावतं. कोरोनात नाट्यगृहं बंद होती तेव्हा वाचनं संगणकाच्या पडद्यावर चालली आणि शहर सोडून गेलेले जुने सभासद दूरदूरहून त्यात आले. या शहरात एकट्या पडलेल्या माणसाला ही मंडळं किती आधार देतात हे मी जवळून पाहिलं आहे. जोडीदाराच्या नोकरीमागे आलेल्या, स्वतःचं काम सोडून आलेल्या बायका पहिल्या वर्षी फार हरवलेल्या असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपली वाट बघणारं कुणीतरी असणं त्यांना सावरतं. तुम्ही हे विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या आड ते असेल तर तेवढ्यासाठीही या.

इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातलं नाटक सोडू नका. दोन्ही करा. तिथल्या नाटकाला तुमच्याकडून स्टेज मॅनेजरची फाइल आणि परवान्याची शिस्त मिळेल. इंग्रजी मंडळाला तुमच्याकडून मिळेल ती आपली तालमीतली चुरस. एकांकिका स्पर्धांत वाढलेला मराठी नट भूमिकेच्या बारीकसारीक जागा शोधायला जितका वेळ खर्च करतो तितका इथे सहसा कुणी करत नाही. ते सोडू नका, त्याची इथे कदर होते.

सुरुवात अशी करा. मंडळांच्या बातमीपत्रांसाठी नाव नोंदवा. एखाद्या प्रयोगाला दारावर तिकिटं तपासायला किंवा बारवर मदतीला हात वर करा. नंतर कार्यकारिणीला चार ओळींचं पत्र लिहा: कुठल्या संध्याकाळी मोकळ्या आहात, शहरात किती काळ असाल, विंगेत काय काय केलं आहे, आणि पुढे अभिनय करायचा आहे. मुक्काम किती हे खरं सांगा, दोनच वर्षं असली तरी. त्यावरूनच तुम्हाला कुठल्या नाटकात घ्यायचं ते ठरवतात. विंगेत बोलावणं आलं की काळे कपडे, न वाजणाऱ्या तळाचे बूट, एक छोटी टॉर्च आणि दोन पेन्सिली घेऊन या. पेन नको, इशारे शेवटच्या रंगीत तालमीपर्यंत बदलत राहतात.